पिसात नसलेला निळा रंग

जालन्याहून भोकरदनकडे जाताना, कापूस वेचणीच्या दिवसांत, रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवर लक्ष ठेवा. एक मातकट, मोठ्या डोक्याचा पक्षी मान आत ओढून बसलेला दिसेल. बसलेला असताना तो नजरेत भरत नाही. खाली बांधावर नाकतोडा हलतो, पक्षी तार सोडतो, पंख उघडतात, आणि त्या पंखांवर गडद निळ्याचे आणि फिकट आकाशीचे असे पट्टे झळकतात की गाडी चालवणाऱ्याचाही पाय ब्रेकवर जावा. हा नीलपंख. जुने लोक त्याला चास म्हणतात, आणि दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. हौशी छायाचित्रकार या एका क्षणासाठी तासन् तास बसतो.

आता नवल ऐका. त्या निळ्या पिसात निळा रंग नाही. पीस कुटून पूड केली तर निळाई नाहीशी होते आणि मातकट भुकटी उरते. नीलपंखाच्या पिसाच्या धाग्यांत केराटिनची, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याची, अतिसूक्ष्म जाळी असते आणि जाळीत हवेची छिद्रे असतात. या छिद्रांमधले अंतर इतके नेमके असते की सूर्यप्रकाशातल्या निळ्या लहरी तेवढ्या एकमेकींना बळ देत परत फिरतात. बाकीच्या लहरी आत जातात आणि खालचा काळपट थर त्यांना शोषून घेतो. म्हणजे निळा रंग त्या पिसाने साठवलेला नाही. सूर्यापासून साधारण 8 मिनिटे 20 सेकंदांचा प्रवास करून आलेल्या उजेडातून तो दर क्षणी नव्याने घडतो.

ख्रिस्ती वाचकाला इथे उत्पत्तीचा पहिला अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे सगळ्यांच्या आधी उजेड येतो. सूर्य आणि चंद्र येतात चौथ्या दिवशी, पाखरे पाचव्या दिवशी. कॅमेरा हातात घेतलेल्या श्रद्धावंताला हा क्रम फार जवळचा वाटतो, कारण त्याचे सगळे काम उजेडावरच चालते.

हा उजेड कॅमेऱ्यात रंगीत होऊन कसा उतरतो, हे ज्यांनी प्रथम दाखवले ते जेम्स क्लर्क मॅक्सवेल. स्कॉटलंडचे, वीज आणि चुंबकत्वाची समीकरणे मांडणारे थोर भौतिकशास्त्रज्ञ. आठ वर्षांचे असताना त्यांना 119 वे स्तोत्र, सगळीच्या सगळी 176 वचने, मुखोद्गत होते. पुढे ते आपल्या गावच्या मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, होते. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात, आणि तांबडा, हिरवा, निळा या तिघांच्या मेळातून आपण सगळे रंग पाहतो. हा विचार थॉमस यंग यांनी आधी मांडला होता. मॅक्सवेल म्हणाले, डोळा असे करत असेल तर कॅमेऱ्यालाही करता येईल. 17 मे 1861 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ते करून दाखवले. एका रंगीबेरंगी चौकडीच्या फितीचे तीन कृष्णधवल फोटो थॉमस सटन यांनी घेतले होते: एक तांबड्या द्रावणातून, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही फोटो त्याच त्या रंगांच्या उजेडात पडद्यावर एकावर एक पाडले, आणि फीत आपल्या रंगांत उभी राहिली. जगातला पहिला रंगीत फोटो तो हाच मानतात.

या गोष्टीला शंभर वर्षांनी शेपूट फुटले. सटन यांनी ज्या काचांवर फोटो घेतले त्यांवरचे रसायन तांबड्या उजेडाला जवळजवळ आंधळे होते. मग तांबडा उमटला कसा? 1961 मध्ये कोडॅकच्या संशोधकांनी कोडे उलगडले. फितीतला तांबडा रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि काचेने टिपले ते हे किरण. म्हणजे पहिला रंगीत फोटो उतरला तो माणसाला न दिसणाऱ्या उजेडाच्या मदतीने. आणि अनेक पक्ष्यांना हा उजेड दिसतो! त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे चार प्रकार असतात. तारेवरचा नीलपंख आपल्या जोडीदाराला कसा दिसत असेल, याची आपल्याला नीट कल्पनासुद्धा करता येत नाही. आपण त्याचे जे रूप पाहतो, ते अपुरे असते. मला हे कळले तेव्हा फोटो काढण्याची हाव कमी झाली आणि आदर वाढला.

तुमच्या मोबाईलमध्ये आजही मॅक्सवेल यांचेच तत्त्व आहे. प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर कोट्यवधी बारीक घरे असतात, आणि प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकच चाळणी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना 1976 मध्ये या मांडणीचे पेटंट मिळाले. निम्मी घरे हिरवी, पाव तांबडी, पाव निळी. हिरव्याला झुकते माप एवढ्यासाठी की बारकावे टिपताना आपला डोळा हिरव्यावर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो. प्रत्येक घर एकच रंग मोजते आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशोबाने भरले जातात. फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती अशी अंदाजाने आलेली असते, तरी नीलपंख नीलपंखच दिसतो.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे मॅक्सवेल हे पहिले प्राध्यापक. 1874 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या इमारतीच्या दारावर 111 व्या स्तोत्राचे दुसरे वचन लॅटिनमध्ये कोरलेले आहे. ते मॅक्सवेल यांच्याच इच्छेने कोरले गेले असे मानतात. देवाच्या कृत्यांची ज्यांना गोडी लागते ते त्यांचा कसून शोध घेतात, असा त्याचा आशय. निसर्गाचे छायाचित्रण ही ख्रिस्ती उपासना कशी होऊ शकते, याचे उत्तर मला या वचनात सापडते. गोडी आधी, शोध नंतर, आणि शोधातून पुन्हा गोडी. फोटोने देव सिद्ध होत नाही, आणि त्यासाठी फोटो काढूही नये. फोटो ही उपकारस्तुती आहे.

जालन्याच्या मातीत या विचाराला स्वतःची जागा आहे. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री 1860 च्या दशकात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनतर्फे जालन्यात आले. मॅक्सवेल ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढले, तिचीच ही एक शाखा. निजाम सरकारकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ नवख्रिस्ती कुटुंबांसाठी शेतीवर जगणारे एक गाव वसवले आणि त्याला बेथेल हे नाव दिले. बायबलमधले बेथेल म्हणजे घर सोडून निघालेला याकोब जिथे उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपला ती जागा. जाग आल्यावर त्याला उमगते की देव इथेच होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. तिथे देऊळ नव्हते, वेदी नव्हती, होते फक्त आभाळ आणि दगड. मराठवाड्याच्या उन्हाने भाजलेल्या माळावर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथे काही नाही, असे म्हणून लोक ज्या माळावरून निघून जातात, तिथेच धाविक पक्षी मातीच्या रंगात मिसळून पळत असतो.

मराठी ख्रिस्ती माणसाने सृष्टीकडे असे पाहणे काही नवे नाही. मॅक्सवेल यांनी ती फीत दाखवली त्याच 1861 साली कोकणात नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. रानातल्या, कोणी न पाहिलेल्या फुलापाशी थांबण्याची त्यांची रीत हौशी छायाचित्रकाराने जरूर शिकावी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यामागून आलेले हर्मेनगिल्ड सांतापाव यांनी तर वनस्पतिशास्त्रालाच आयुष्य वाहिले.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र सगळ्यात जवळचे उदाहरण लंडनचे. जॉन स्टॉट (1921–2011) हे ऑल सोल्स चर्चचे पाळक, जगभर वाचले जाणारे ख्रिस्ती लेखक, आणि आयुष्यभराचे पक्षीवेडे. प्रवचनांसाठी देशोदेशी जाताना ते दुर्बीण आणि कॅमेरा बरोबर नेत. 1999 मध्ये त्यांचे पक्ष्यांवरचे पुस्तक आले. त्यातले बहुतेक फोटो त्यांनी स्वतः काढलेले आहेत. येशूने आकाशातल्या पाखरांकडे पाहायला सांगितले आहे, ही आज्ञा त्यांनी शब्दशः घेतली. एकेका पक्ष्यापासून ते एकेक धडा घेतात. यिर्मयाच्या आठव्या अध्यायात करकोच्याला आपल्या परतीची वेळ कळते आणि माणसाला कळत नाही असे म्हटले आहे, त्यावरून ते पश्चात्तापाकडे वळतात. हिवाळ्यात दख्खनच्या मोकळ्या शेतांत पांढरे करकोचे उतरतात. त्यांचा फोटो घेताना हा अध्याय आधी वाचून जावा.

ईयोबाच्या पुस्तकात तर देव दुःखाने पिचलेल्या माणसाला स्पष्टीकरण देतच नाही. तो त्याला डोंगरी बकरी, रानगाढव, शहामृग, ससाणा, गरुड दाखवत जातो. तो भाग मला नेहमी थरारून टाकतो. दुःखाला दिलेले उत्तर म्हणजे पाहायला लावणे!

पण पाहणे आणि मिळवणे यांत फरक आहे, आणि श्रद्धेची कसोटी तिथे लागते. घरट्याशी जाऊन, फांद्या बाजूला करून, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवून घेतलेला फोटो कितीही देखणा असो, तो उपासनेत मांडण्याजोगा नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात वाटेवर, झाडावर किंवा जमिनीवर घरटे दिसले तर अंड्यांवर बसलेल्या आईला धरू नये असा नियमच आहे. आपल्याकडे टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात, आणि त्यांच्यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेतकरी आजही आहेत. आई उठून ओरडत फिरू लागली की अंडी उन्हात उघडी पडतात. अशा वेळी कॅमेरा झाकावा आणि निघावे.

जालन्याला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या संत गाडगेबाबा जलाशयावर थंडीत स्थलांतरित बदके येतात. या हिवाळ्यात तिथे पहाटे जा. तरुण संघाला, रविवारच्या शाळेतल्या मुलांना बरोबर न्या. सूर्य पाठीशी ठेवा, बसल्या जागेवरून हलू नका. वाटेत नीलपंख भेटला तर गाडी बंद करून आतूनच पाहा. तो बहुधा त्याच तारेवर परत येतो. पंख उघडे टिपायचे असतील तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवा. प्रत्येक फोटोखाली पक्ष्याचे नाव, तारीख आणि ठिकाण लिहा, म्हणजे तो अभ्यासकांच्याही उपयोगी पडेल. आणि उन्हाळ्यात टिटव्यांची अंडी असतात तेव्हा काठाच्या खडकाळ माळावर पाऊल टाकू नका.