शेतातली माती आणि शिवेवरची देवी

परभणी शहराच्या नावातच देवी आहे. प्रभावती देवीच्या मोठ्या देवळामुळे हे गाव प्रभावतीनगरी म्हणवलं जायचं आणि त्यावरून पुढे परभणी झालं, असं परंपरा सांगते. पण साडेतीन पीठांपैकी एकही पीठ या जिल्ह्यात नाही. इथल्या बहुतेक घरांची कुलस्वामिनी म्हणजे तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका नाहीतर अंबाजोगाईची योगेश्वरी. बैलगाडीच्या काळात तिथे जाऊन यायला कित्येक दिवस मोडायचे. मग ती शिवारात आली कशी?

याचं उत्तर गावोगावच्या कथेत मिळतं. म्हाताऱ्या भक्ताला वारी झेपेना. देवी म्हणाली, मीच तुझ्या मागून येते, फक्त वळून पाहू नकोस. गावाची शीव आली, पैंजणांचा आवाज येईनासा झाला, म्हाताऱ्याने मागे पाहिलं आणि देवी जागच्या जागी थांबली. भक्ताचं नाव बदलतं, ओढा बदलतो, कथा तीच राहते. म्हणून गावाच्या लेखी शिवेवरची देवी ही तुळजापूरवालीच. तिथे गेलं काय आणि इथे नारळ फोडला काय, नवस एकाच ठिकाणी पोचतो.

गोंधळ ऐकताना हे फार स्पष्ट कळतं. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा. पाटावर खण, त्यावर धान्याची रास आणि कलश, ज्वारीच्या ताटांचा किंवा उसाचा चौक, बाजूला पेटती दिवटी. संबळ घुमू लागला की गोंधळी एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक मारून बोलावतो. तुळजापूर येतं, माहूर येतं, जेजुरी येते आणि त्याच दमात ज्या गावात गोंधळ चाललाय तिथली देवीही येते. पंगतीत कोणी वरचं नाही, कोणी खालचं नाही. भवानीचे गोंधळी ते कदमराई आणि रेणुकेचे ते रेणुराई. परभणीच्या राजारामभाऊ कदमांमुळे इथला गोंधळ जिल्ह्याच्या कितीतरी पलीकडे ऐकला गेला, याचा परभणीकरांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

देवळात शिरलं की बहुधा मूर्ती दिसत नाही, दिसतो तांदळा. शेंदराने माखलेला गोल पाषाण, त्यावर चांदीचे डोळे, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं. माहूरची रेणुकाही तांदळाच आहे, त्यामुळे यात गावाला कमीपणा वाटत नाही.

खरी पूजा मात्र नवरात्रात आणि तीही मातीची. सर्वपित्रीच्या सुमाराला शेतातली काळी माती आणून चाळतात. पत्रावळीवर किंवा टोपलीत ती पसरून गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं मिसळीचं धान्य पेरतात. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, त्यावर नारळ. पहिल्या दिवशी विड्याच्या पानांची माळ, पुढे तरवडाची, कारळाची, झेंडूची. घट आपल्या अंगाने झिरपत राहतो आणि माती आतूनच ओली राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती तडकते, पांढरे मोड डोकं काढतात. देवघरात ऊन नसल्यामुळे कोंब पिवळट, लुसलुशीत वाढतात. दसऱ्याला तेच तुरे टोपीत, पागोट्यात खोवून माणसं शिलंगणाला निघतात.

आता काळ बघा. घट उठतो तेव्हा रब्बी ज्वारीची पेरणी दारात असते. घरचं बी कसं उगवतं हे नऊ दिवस सगळं घर रोज बघत असतं. कृषी विभाग दर खरिपाआधी सांगतो की सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, ७० उगवले तर बी पेरायला चांगलं. घट त्यासाठीच सुरू झाला असं मी म्हणणार नाही. पण उगवण तपासणारी नजर आमच्या आयाबायांना देवघरात मिळाली, हे मला पटतं. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मातृदेवीच्या उपासनेचं नातं भूमीच्या सुफलतेशी जोडून दाखवलं आहे. मातीवर बसवलेला घट पाहिला की ते नातं वेगळं समजवावं लागत नाही.

विहिरीवर, नदीच्या डोहापाशी साती आसरा असतात. त्या पाण्याच्या देवता. शेंदूर लावलेले सात दगड, त्यांना दहीभात आणि चोळीखण. मरीआई मात्र गावाबाहेर. पटकीची साथ आली की सगळा गाव तिच्या पायावर लोटांगण घालायचा आणि गावाच्या वतीने अंगावर आसूड ओढून घ्यायचा तो पोतराज. हे दुःख पिढ्यानपिढ्या दलित घरांच्याच वाट्याला आलं. आंबेडकरी विचाराने अनेकांनी ते टाकून दिलं, ते योग्यच केलं. परंपरेवर प्रेम करताना एवढं स्पष्ट बोललंच पाहिजे.

आता लोकवर्गणीतून जागोजागी स्लॅबची देवळं उभी राहत आहेत. ऊनपावसात उभ्या राहणाऱ्या भाविकांना सावली मिळते, त्याचा आनंदच आहे. पण जीर्णोद्धाराच्या गडबडीत जुना तांदळा कोपऱ्यात जातो, कोरीव दगड आणि वीरगळ पायात भरले जातात किंवा त्यांना ऑइलपेंट फासला जातो. चारठाणा आणि धारासूरची मंदिरं ज्या जिल्ह्यात आहेत तिथे लिंबाखाली पडलेला प्रत्येक दगड जुन्या देवळाचा असू शकतो. म्हणून देवस्थानच्या पंचमंडळींना हात जोडून विनंती आहे. काम काढण्याआधी परिसरातल्या एकेका दगडाचे फोटो घ्या, पुरातत्त्व विभागाला कळवा, तांदळा जागेवरून हलवू नका. आणि यंदा घट बसेल तेव्हा घरातल्या आजीला देवीची गाणी म्हणायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती गाणी कुठल्याही पोथीत लिहिलेली नाहीत.