तुझ्या येण्याने महाविद्यालयात कोणती भर पडेल?

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेत बारावीत पाऊल ठेवणाऱ्या मुलांच्या घरी एक नवा हंगाम सुरू होतो. 1 ऑगस्टला ‘कॉमन अ‍ॅप’चे नव्या वर्षाचे प्रवेशअर्ज खुले होतात आणि शरद ऋतूत मुदती एकामागून एक येऊ लागतात. मराठी घरांत या अर्जाचा अर्धा भाग चटकन भरून होतो. गुण, विषय, चाचण्या, पदके यांची टिपणे आईवडिलांनी आधीच काढून ठेवलेली असतात. गाडी अडते ती एका लहानशा प्रश्नापाशी. प्रत्येक महाविद्यालयात त्याचे शब्द वेगळे असतात, गाभा मात्र एकच असतो: आमच्या समुदायात तू काय घेऊन येशील?

प्रश्न मुलाला असतो, पण गोंधळ अनेकदा पालकांचा उडतो. पुण्यातल्या वा सांगलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांना असे काही कधीच विचारले नव्हते. तेथे गुणवत्ता यादीतील क्रमांक पुरेसा होता. मग पदकांची यादी पुन्हा एकदा वाक्यांच्या रूपात लिहिली जाते. ‘नेतृत्व’, ‘चिकाटी’, ‘संघभावना’ असे भारदस्त शब्द पेरले जातात आणि सतरा वर्षांचे मूल त्या शब्दांआड दिसेनासे होते.

प्रश्न कोठे आणि कसा विचारला जातो

‘कॉमन अ‍ॅप’ची सुरुवात 1975 मध्ये 15 खासगी महाविद्यालयांनी केली. आज हजाराहून अधिक महाविद्यालये हा सामाईक अर्ज स्वीकारतात. त्यात जास्तीत जास्त 650 शब्दांचा एक मुख्य निबंध असतो. अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला अवघी 150 अक्षरचिन्हे मिळतात. त्यापुढे अनेक महाविद्यालये आपापले पूरक प्रश्न जोडतात. समुदायाविषयीचा प्रश्न बहुधा तेथेच येतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठ आपले जीवनानुभव, आवडी आणि स्वभाव यांतून विद्यार्थी कोणते वेगळे योगदान देईल, हे विचारते. भावी खोलीसोबत्याला उद्देशून लिहिलेले एक टिपणही ते मागते. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे. त्यात केवळ चार उपक्रम नोंदवता येतात, त्यामुळे निवड करणे भागच पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देऊन त्यांपैकी चारांची प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तरे मागते. शाळा किंवा आपला समाज अधिक चांगला व्हावा म्हणून काय केले, हा त्यांतलाच एक प्रश्न. हे विद्यापीठ एसएटीचे गुण प्रवेशासाठी पाहत नाही आणि सर्वसाधारणपणे शिफारसपत्रेही मागवत नाही. त्यामुळे या चार उत्तरांचे वजन वाढते.

सगळीकडे असेच असते असे मात्र नाही. अनेक सरकारी विद्यापीठांत गुण आणि निवडलेले विषय हेच प्रामुख्याने निर्णायक ठरतात. एखादे महाविद्यालय कशाला किती महत्त्व देते, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. अनेक महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातील ‘सी 7’ या तक्त्यात गुण, निबंध, शिफारसपत्र, स्वयंसेवा, नोकरीचा अनुभव यांच्याबरोबर ‘चारित्र्य आणि व्यक्तिगत गुण’ अशीही एक ओळ असते. तिच्यासमोर ‘अतिशय महत्त्वाचे’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंत यांपैकी कोठे खूण आहे, हे अर्ज करण्यापूर्वी पाहून घेतलेले बरे.

रांग आणि मंडळी

महाराष्ट्रातील सीईटी किंवा जेईईनंतरचा प्रवेश ही मूलतः एक रांग आहे. आरक्षणाचे प्रवर्ग ध्यानात घेऊनही अखेर क्रमांकच निर्णय करतो. या पद्धतीचे मोल कमी लेखता येत नाही. उत्तरे तपासणाऱ्या संगणकाला उमेदवाराचे आडनाव कळत नाही आणि त्याच्या वडिलांची ओळखही कळत नाही. आज परदेशात स्थिरावलेल्या अनेक मराठी व्यावसायिकांचे आयुष्य याच रांगेने घडवले आहे.

अमेरिकेतील निवडक महाविद्यालये रांगेऐवजी मंडळी जमवतात. त्यांचे पहिल्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी आवारातच राहतात, लहान वर्गांत चर्चेतून शिकतात, प्रयोगशाळेत गट करून काम करतात. वृत्तपत्र, वाद्यवृंद, वादसभा हे सारे विद्यार्थीच चालवतात. संगीत नाटकाच्या मंडळीत सगळेच नायक असून भागत नाही. ऑर्गनवर बोटे ठेवणारा, विंगेतून विसरलेला शब्द पुरवणारा आणि वेळेवर पडदा ओढणारा नसेल तर नायकाचे गाणेही रंगत नाही. प्रवेश समितीसमोर उत्तम गुणांचे अर्ज जागांपेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणून गुणांच्या चाळणीनंतर तिचा प्रश्न बदलतो. हा विद्यार्थी किती हुशार आहे, हे कळलेले असते. आता तो शेजारी बसलेल्याच्या काय उपयोगी पडेल, हे तिला पाहायचे असते.

शंकेलाही इतिहास आहे

‘व्यक्तिगत गुण’ मोजायचे कसे आणि मोजणार कोण, ही पालकांच्या मनातील शंका अनाठायी नाही. हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लोवेल यांनी 1922 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. उघड मर्यादेला विरोध झाला. पुढे 1926 पासून प्रवेशात चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देण्यात आले आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. ज्या निकषाचे आज कौतुक होते, त्याच्या मुळाशी असाही एक डाग आहे.

याच निकषावर अलीकडे पुन्हा बोट ठेवले गेले. ‘स्टुडंट्स फॉर फेअर अ‍ॅडमिशन्स’ या संघटनेने 2014 मध्ये हार्वर्डविरुद्ध दावा दाखल केला. आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘पर्सनल रेटिंग’मध्ये सरासरीने कमी श्रेणी मिळत असल्याची आकडेवारी त्या खटल्यात पुढे आली. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही, असा निकाल जिल्हा न्यायालयाने 2019 मध्ये दिला. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश हा निकष वापरण्याची हार्वर्डची आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची पद्धत घटनाबाह्य ठरवली. मात्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्याच निकालपत्रात एक वाट मोकळी ठेवली. वंशाने आपल्या आयुष्यावर कसा परिणाम केला, हे विद्यार्थी सांगू शकतो आणि विद्यापीठ ते विचारात घेऊ शकते. अट अशी की त्या अनुभवाचा विद्यार्थ्याच्या विशिष्ट गुणाशी किंवा विद्यापीठाला तो देऊ शकेल अशा योगदानाशी प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी आपले प्रश्न नव्याने लिहिले. जीवनानुभवातून तू काय देशील, असे विचारणारे प्रश्न त्यामुळे अधिक ठळक झाले आहेत.

या साऱ्याचा एक विचित्र पडसाद मराठी घरांत उमटतो. ‘अर्जात भारतीयपणा फार दिसू देऊ नका’ असा सल्ला एकमेकांना दिला जातो. तबला वगळला जातो, मराठी शाळा वगळली जाते, आणि मुलाने जेथे आठ-दहा वर्षे घालवली तीच जागा अर्जातून नाहीशी होते. खोट तबल्यात नसते, तबल्याविषयी लिहिलेल्या वाक्यात असते. ‘गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा उत्तीर्ण’ या वाक्यातून इयत्ता कळते, मूल कळत नाही. साथीला बसल्यावर गायिका लय विसरली आणि आपण तिला कोणाच्या लक्षात न येऊ देता समेवर कसे आणले, हे सांगणाऱ्या दोन ओळींतून मूल कळते.

बलस्थान ओळखायचे कसे

यश आणि बलस्थान यांतला फरक येथेच आहे. यश विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा असते. बलस्थानाचा लाभ दुसऱ्या कोणाला तरी झालेला असतो. गणिताच्या स्पर्धेतील पदक हे यश आहे. तेच गणित अडलेल्या वर्गमित्राला, त्याला कमीपणा न वाटू देता, तीन वेगवेगळ्या रीतींनी समजावून सांगता येणे हे बलस्थान आहे. पदक अर्जात अन्यत्र नोंदवलेले असतेच. प्रश्न विचारणाऱ्याला दुसरी गोष्ट ऐकायची असते.

समजा, एक मुलगा गणेशोत्सवाच्या ढोल-ताशा पथकात चार वर्षे आहे. तो पथकातला सर्वोत्तम वादक नाही. पण सरावाला कोण आले नाही हे त्याच्या आधी लक्षात येते. ज्यांच्या घरी दुसरी गाडी नाही त्यांना आणण्याची सोय तो लावतो. नव्याने आलेल्या मुलाशेजारी उभा राहून त्याचा हात बसेपर्यंत तो स्वतःचा ठोका हळू ठेवतो. अर्जात त्याने ‘नेतृत्वगुण’ असा शब्द लिहिला तर त्याच्यासारखे हजार अर्ज निघतील. हळू ठेवलेल्या ठोक्याची हकिकत लिहिली तर ती त्याचीच असेल. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात एकट्या पडलेल्या मुलाशेजारी तो कसा वागेल, हेही वाचणाऱ्याला त्यातून उमगेल.

उत्तराला यापुढची एक पायरी लागते आणि तीच पुष्कळदा राहून जाते. हा गुण त्या महाविद्यालयात नेमका कोठे उपयोगी पडेल, हे सांगावे लागते. त्यासाठी तेथील एखादे केंद्र, वृत्तपत्र, प्रयोगशाळा किंवा शिकवणीची योजना शोधावी लागते. महाविद्यालयाचे नाव खोडून दुसरे घातले तरी चालेल असे उत्तर कोणत्याच महाविद्यालयासाठी लिहिलेले नसते.

घरातले न दिसणारे काम

मराठी घरांत सर्वांत सहज दडून राहणारे बलस्थान म्हणजे घरकाम आणि नात्यांतली जबाबदारी. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला डॉक्टरांकडे नेणारी अकरावीतली नात दोन भाषांमध्ये उभी असते. डॉक्टरांचे इंग्रजी ती आजीला मराठीत सांगते. आजी ‘बरं आहे हो’ म्हणते, तेव्हा ते खरेच बरे आहे की भिडेपोटी म्हटलेले आहे, हे ओळखून डॉक्टरांना पुन्हा विचारायला लावते. घरात याला कोणी ‘उपक्रम’ म्हणत नाही. आपल्या माणसाचे केले, त्यात सांगण्यासारखे काय, अशी भावना असते. ‘कॉमन अ‍ॅप’च्या उपक्रमांच्या प्रकारांत मात्र ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा स्वतंत्र प्रकार आहे, आणि पगारी कामालाही तेथे स्थान आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील ‘मेकिंग केअरिंग कॉमन’ प्रकल्पाने 2016 च्या ‘टर्निंग द टाइड’ या अहवालात कुटुंबासाठी केलेल्या कामाची दखल घ्यावी आणि उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांतील सखोलतेकडे पाहावे, अशी शिफारस केली होती.

जे वास्तवात नाही ते मात्र उभे करू नये. आजी आणि दुखणे यांचा वापर करुणा मिळवण्यासाठी झाला तर वाचणाऱ्याला तो जाणवतो. येथे सांगायचे असते ते मुलीने काय ओळखले आणि काय केले, एवढेच.

पालकांची जागा

मग पालकांनी काय करावे? लेखणी हाती घेऊ नये. अर्जातील मजकूर आपला स्वतःचा असल्याचे विद्यार्थ्याला स्वाक्षरीने सांगावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे हा ‘कॉमन अ‍ॅप’च्या नियमांनुसार गैरप्रकार ठरतो. पंचेचाळीस वर्षांच्या व्यवस्थापकाची भाषा सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी शोभतही नाही.

पालकाची खरी भूमिका साक्षीदाराची आहे. मुलाला स्वतःचे बलस्थान दिसत नाही, कारण त्याला ते श्वासाइतके सहज वाटते. ते दाखवण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. लोक या मुलाकडे कशासाठी येतात? कोणी न सांगता ते काय करते? ते आठवडाभर घरी नसेल तर घरातले, वर्गातले किंवा पथकातले कोणते काम अडेल? उत्तरादाखल विशेषण न देता प्रसंग सांगावा. धाकट्या भावंडालाही हेच विचारावे. त्याची उत्तरे पुष्कळदा अधिक खरी असतात.

अनेक शाळांत समुपदेशक शिफारसपत्र लिहिण्यापूर्वी पालकांकडून एक पत्रक भरून घेतात. त्याला बोलीभाषेत ‘ब्रॅग शीट’ म्हणतात. शेकडो मुलांची जबाबदारी असलेल्या समुपदेशकाला प्रत्येक मूल जवळून ठाऊक असणे अवघड. पालकांनी दिलेला एखादा नेमका प्रसंग त्याच्या पत्रात उतरू शकतो. आणि हे पत्रक तर पालकांनीच लिहायचे असते. पण मराठी घरांतून ते बहुधा पुरस्कारांनी भरून परत जाते, जे समुपदेशकाच्या नोंदीत आधीपासूनच असतात.

यातून प्रवेशाची हमी मिळत नाही. उत्तम उत्तर लिहूनही नकार येतो, कारण जागा थोड्या असतात आणि निवड माणसेच करतात. पण ज्या घरात गुणांविषयी रोज बोलणे होते, तेथे मुलाच्या स्वभावातील चांगुलपणाविषयी क्वचितच बोलले जाते. तोंडावर कौतुक करू नये, हा आपला जुना संकेत आहे. अर्जातील हा प्रश्न तो संकेत मोडायला भाग पाडतो. आपण कोणाच्या उपयोगी पडतो, हे सतरा वर्षांत पहिल्यांदाच आईच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर ते मूल तिथून पुढचा निबंध स्वतःच लिहू शकेल.