आपली स्टिक निवडताना : पूल क्यूबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पूल पार्लरमध्ये पाऊल टाकताच सराईत पोरांची पहिली नजर रॅककडे जाते. दहा-बारा स्टिकांमधली त्यातल्या त्यात सरळ आणि टिप शाबूत असलेली एक आधी ताब्यात घ्यायची, टेबलाचं नंतर पाहू. दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगर, मुखर्जी नगर भागात यूपीएससीसाठी राहणारी लातूर-नांदेड-अमरावतीकडची मुलं असोत, नाहीतर नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांमध्ये नोकरीला आलेली पुण्या-नागपूरची मंडळी असोत, सुटीच्या दिवशी दोन तास पूल हा त्यांच्यातल्या अनेकांचा विरंगुळा असतो. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा इथला रिवाज. चार-सहा महिने असे गेले की एक दिवस वाटायला लागतं, आता स्वतःची स्टिक घ्यावी.

मग सल्ले सुरू होतात. जड घे, कार्बनची घे, अमुक ब्रँडचीच घे. घरून येणाऱ्या पैशांत महिना भागवणाऱ्या मुलांनी असल्या सल्ल्यांवर हजारो रुपये घालवलेले मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पूल, स्नूकर, बिलियर्ड्स या खेळांशी आपलं नातं जुनं आहे. स्नूकर जन्मला तो १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून भारताचे पहिले जगज्जेते ठरलेले विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा, आणि बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणी यांचाही. एवढा वारसा असताना साधी काठी निवडताना आपण ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

गैरसमज १ : स्टिक ती स्टिक. स्नूकरची पूलला चालते.

वस्तुस्थिती : खेळता येतं, पण दोन्हींची घडण वेगळ्या बॉलसाठी आहे. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम असतं. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, म्हणजे लहान आणि हलका. म्हणून स्नूकरची स्टिक पुढे निमुळती, टिप साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटरची, लाकूड बहुधा ॲशचं आणि टिपेखाली पितळी टोपी. पूलच्या स्टिकचा पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, बहुधा हार्ड मेपलचा असतो. टिप १२ ते १३ मिलिमीटरची आणि तिच्याखालची टोपी, म्हणजे फेरूल, प्लास्टिक किंवा रेझिनसारख्या पदार्थाची.

पार्लरमध्ये स्नूकर आणि पूल शेजारीशेजारी चालत असतील, तर रॅकमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. स्नूकरच्या बारीक टिपेने पूलचा जोरदार ब्रेक मारत राहिलं की टिप लवकर पसरते आणि पितळी टोपी सैल होऊ शकते. म्हणून आधी स्वतःला विचारा, आपण कोणत्या टेबलावर जास्त खेळतो? आकडे असलेले १५ बॉल आणि रुंद पॉकेट, हे तुमचं टेबल असेल तर पूलचीच स्टिक घ्या.

गैरसमज २ : जड स्टिक, जोरदार ब्रेक.

वस्तुस्थिती : बाजारातल्या बहुतेक पूल स्टिका १८ ते २१ औंसांच्या, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅमच्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत कमाल मर्यादा २५ औंसांची आहे. आता हिशोब करू. ५४० ग्रॅमऐवजी ६०० ग्रॅमची स्टिक घेतली आणि हात अगदी त्याच वेगाने चालला, तर पांढऱ्या बॉलचा वेग जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतो. हाताचा वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर बॉलचा वेगही दहा टक्क्यांनी वाढतो. आणि जड काठीने हात आपोआप थोडा मंदावतो, म्हणजे ती अडीच टक्क्यांची कमाईही हाती लागेलच असं नाही.

ब्रेक फुटतो तो पांढरा बॉल पुढच्या बॉलवर भरगच्च, मधोमध बसल्याने. वजनाचा खरा उपयोग हात स्थिर वाटण्यापुरता असतो. काही ठरत नसेल तर १९ औंसांपासून, म्हणजे साधारण ५४० ग्रॅमपासून सुरुवात करा.

गैरसमज ३ : जितकी महाग, तितकी चांगली.

वस्तुस्थिती : एका मर्यादेपर्यंत हे खरं आहे. अगदी स्वस्त स्टिकचं लाकूड नीट सुकवलेलं नसतं आणि जोड ढिला असतो. पण ती पायरी ओलांडली की वाढणारी किंमत बरीचशी मागच्या भागावर, म्हणजे बटवर खर्च होते. जडावकाम, दुर्मीळ लाकूड, चामड्याची पकड. ही कारागिरी सुंदर असते आणि ज्याला परवडते त्याने ती जरूर घ्यावी. बॉलला मात्र बटवरची नक्षी कळत नाही. त्याचा संबंध टिप, फेरूल आणि शाफ्टचा पुढचा वीतभर भाग यांच्याशी.

मी पहिली स्टिक घेतली तेव्हा दुकानदाराने बटवरचं चमकदार चित्र दाखवलं आणि मी भुललो. शाफ्ट फिरवून पाहिला नाही. पहिल्याच पावसाळ्यात तो वाकला. तेव्हापासून माझा सल्ला एकच : बट साधा, शाफ्ट उत्तम. आणि नामांकित परदेशी ब्रँड फारच स्वस्तात मिळत असेल, तर नावावर न जाता काठी तपासा.

गैरसमज ४ : टेबलावर लोळवली आणि डुलली नाही, म्हणजे सरळ.

वस्तुस्थिती : ही चाचणी सगळे करतात, पण ती अपुरी आहे. शाफ्ट मुळातच निमुळता असल्याने त्याच्याखाली थोडा उजेड दिसणारच, आणि तो वाक आहे असं वाटून चांगली स्टिक नाकारली जाते. टेबलाचं कापड असमान असेल तर उलटही घडतं.

तीन गोष्टी करा. बट डोळ्यापाशी धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं टिपेपर्यंत पाहा आणि स्टिक हळूहळू फिरवा. मग जोड उघडून शाफ्ट आणि बट वेगवेगळे लोळवा. शेवटी पुन्हा जोडून बटकडचा भाग टेबलाच्या कडेवर आणि टिप कापडावर टेकवून सावकाश फिरवा. टिप वरखाली उड्या मारत असेल, तर वाक आहे. तुकडे वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर वाकडे असतील, तर दोष जोडात आहे. ती घेऊ नका.

गैरसमज ५ : मऊ टिपेने जास्त स्पिन लागतो.

वस्तुस्थिती : टिप आणि बॉल एकमेकांना भिडलेले असतात ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरते. मऊ टिप बॉलला ‘धरून ठेवते’ ही भावना हाताला येते खरी, पण धक्का हाताला जाणवेस्तोवर बॉल निघून गेलेला असतो. स्पिन ठरतो तो केंद्रापासून किती दूर मारलं आणि किती वेगाने मारलं यावर. केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे पूलच्या बॉलवर सुमारे १४ मिलिमीटर, एवढीच मोकळीक. त्यापुढे टिप घसरते आणि मिसक्यू होतो.

त्या मर्यादेपर्यंत टिपेला पकड देणारा आहे चॉक. नावाने खडू असला तरी तो शाळेचा खडू नाही. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७मध्ये पेटंट घेतलेला हा ठोकळा सिलिका आणि बारीक घासक पदार्थांचा आहे. तो टिपेवर गरगर फिरवण्यापेक्षा रंग दिल्यासारखा अलगद फिरवावा, कडेपर्यंत पोहोचेल असा.

मऊ टिप लवकर पसरते आणि तिला वारंवार आकार द्यावा लागतो. हौशी खेळाडूने मीडियम टिप घ्यावी. गोलाई किती हवी? २०११च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २२ मिलिमीटर व्यासाचं आहे. ते टिपेमागे उभं धरा. टिपेची वक्र कड नाण्याच्या कडेशी जुळली की पूलसाठी गोलाई ठीक. टिप चपटी झाली असेल तर पार्लरच्या मार्करला, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला, सांगा. अनुभवी मार्कर टिप बदलून, घासून नीट बसवून देतो, आणि नव्या स्टिकच्या तुलनेत तो खर्च किरकोळ असतो. कित्येकदा ‘स्टिक खराब आहे’ या तक्रारीचं मूळ तिथेच असतं.

गैरसमज ६ : कार्बनचा शाफ्ट घेतला की नेम सुधारतो.

वस्तुस्थिती : यामागे खरं शास्त्र आहे, म्हणून जरा थांबू. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो काठीच्या रेषेत जातो. डावीकडे स्पिन देण्यासाठी केंद्राच्या डाव्या बाजूला मारलं, तर बॉल रेषेपासून किंचित उजवीकडे सरकतो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. किती सरकेल हे टिपेजवळच्या काही इंचांत किती वस्तुमान आहे यावर अवलंबून असतं. टोक हलकं असेल तर ते सहज बाजूला होतं आणि बॉल कमी ढकलला जातो. म्हणूनच टोकाकडून हलके केलेले लाकडी शाफ्टही लो-डिफ्लेक्शन असतात. कार्बनचे शाफ्ट पोकळ आणि हलके असल्याने त्यांत ही गोष्ट साधते. करामत हलक्या टोकाची आहे.

पण डिफ्लेक्शन शून्य कोणत्याही शाफ्टचं होत नाही. आणि आठवड्यातून दोन तास खेळणाऱ्याचे बहुतेक शॉट मधल्या उभ्या रेषेवर, वर किंवा खाली मारलेले असतात, किंवा असायला हवेत. तिथे हा फरक येतच नाही. कार्बन वाकत नाही आणि पुसायला सोपा असतो, हे फायदे खरे आहेत. नेम मात्र हातातच तयार करावा लागतो.

गैरसमज ७ : दोन तुकड्यांची स्टिक कच्ची.

वस्तुस्थिती : नीट बसणारा जोड असेल तर खेळात फरक पडत नाही. सुमारे ५८ इंचांची, म्हणजे १४७ सेंटिमीटरची अखंड काठी घेऊन दिल्लीत फिरायचं कसं? मधोमध उघडणाऱ्या स्टिकचे तुकडे साधारण ७४ सेंटिमीटरचे होतात आणि पिशवी खांद्याला लागते. विमानाने पुण्या-नागपूरला नेणार असाल, तर ती चेक-इन सामानात द्यावी लागते. केबिनमध्ये पूल क्यू चालत नाही.

गैरसमज ८ : लाकूडच ते, त्याला काय होतंय?

वस्तुस्थिती : दिल्लीचं हवामान लाकडाची परीक्षा घेतं. मे-जूनमध्ये लू आणि चाळिशीपलीकडचा कोरडा उन्हाळा, जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा, डिसेंबर-जानेवारीत बंद खोलीतला हीटर. लाकूड ओल शोषतं, सोडतं आणि या चढउतारात वाकतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत स्टिक कधीही ठेवू नका. तिथल्या उष्णतेने गोंदही सुटू शकतो. खेळून झाल्यावर पुसा, पिशवीत ठेवा आणि भिंतीला महिनोन्महिने तिरकी टेकवून ठेवू नका.

घामाने शाफ्ट चिकट झाला की काही जण सँडपेपर काढतात. दर वेळी थोडं लाकूड कमी होतं आणि शाफ्ट कायमचा बारीक होतो. घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. पावसाळ्यात हातमोजा वापरा.

गैरसमज ९ : चांगला खेळाडू कोणत्याही काठीने जिंकतो. मग आपल्याला स्वतःची कशाला?

वस्तुस्थिती : चांगला खेळाडू परक्या काठीने तुम्हाला मला हरवेल, हे खरं. पण तो तयार झालेला असतो एकाच काठीवर वर्षानुवर्षं खेळून. रॅकमधली स्टिक दर आठवड्याला वेगळी. आज हलकी, उद्या जड, परवा टिप चपटी. बॉल पॉकेटच्या ओठावरून परतला, तर चूक हाताची होती की काठीची, हे कळायला मार्गच नाही. चूक कुणाची हे कळलं नाही, तर ती सुधारणार कशी? स्वतःची साधी, सरळ स्टिक एवढंच करते की काठीचं कारण मिटवते. उरलेली चूक आपली असते, आणि आपल्या चुकीवर काम करता येतं.

म्हणून घाई नको. आधी पार्लरच्या एका बऱ्या स्टिकची टिप नीट करून घ्या आणि महिनाभर तीच वापरा. मग मित्राच्या स्टिकवर दोन-चार फ्रेम खेळा. त्यानंतर घ्यायची ती ५७-५८ इंचांची, १९ औंसांच्या आसपासची, मेपलचा शाफ्ट, साडेबारा-तेरा मिलिमीटरची मीडियम टिप, साधा बट आणि प्रचलित आट्यांचा जोड, म्हणजे पुढे नुसता शाफ्ट बदलता येईल. ब्रेकची वेगळी, जंपची वेगळी, हे सगळं नंतर.

१९८५मध्ये नवी दिल्लीत जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जिंकले गीत सेठी, वय चोविशीच्या आसपास. त्यांच्यासमोर ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल होते, पंचाहत्तरीचे. इतकी वर्षं सोबत करणारा हा खेळ आहे. परीक्षा संपेल, नोकरी बदलेल, दिल्ली सुटेल. नीट निवडलेली आणि जपलेली स्टिक टिप बदलत बदलत तुमच्याबरोबर पुढच्या गावी येईल.