सोलापुरांतील बागा व तलाव : शेतकऱ्यानें काय पाहावें

मकरसंक्रांतीस गड्ड्याच्या यात्रेनिमित्त आपल्यापैकीं पुष्कळ शेतकरी बंधु सोलापुरास जातात. देवदर्शन व खरेदी आटोपल्यावर त्यांनीं तेथील बागा व तलाव अवश्य पाहावेत. पाऊस थोडा व लहरी, आणि उन्हाळ्यांत उष्णमान ४० अंशांच्या वर, अशा मुलखांत हिरवाई कशी टिकते, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें.

सिद्धेश्वराचा तलाव बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं लोकांच्या श्रमानें खोदविला, असें परंपरा सांगते. त्याच्या कांठीं भुईकोट किल्ला असून किल्ल्यालगत हुतात्मा बाग आहे. विजापूर रस्त्यावर कंबर तलाव आहे. त्यास आतां धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ आदिला नदी अडवून १८७१ सालीं पुरा केलेला एकरूख तलाव आहे. या मुलखांत आधीं पाणी सांठविलें, मग हिरवाई आली. बागेंतील गवताचीं मुळें वरवर असल्यामुळें त्यास वरचेवर पाणी लागतें. कडुनिंब, चिंच व करंज यांचीं मुळें खोल जात असल्यामुळें तीं झाडें एकदां रुजलीं म्हणजे उन्हाळा सोसतात. वस्तीभोंवतीं काय लावावें, हें यावरून ठरवावें.

तलावांचें आयुष्य मात्र वरच्या अंगाच्या शेतांवर अवलंबून असतें. बांध फुटला म्हणजे शेताची कसदार माती ओढ्यावाटे तलावांत उतरते. शेत निकस होतें आणि तलावांत पाण्याची जागा गाळ व्यापतो. एका बांधाच्या हयगयीनें असें दुहेरी नुकसान होतें.

हिरवाईचा दुसरा प्रकार पाहण्यास बार्शी रस्त्यावरील नान्नज येथें जावें. तेथील माळरान माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यांत १९७९ पासून आहे. येथील वैभव गवताचें आहे, आणि त्यास पाटाचें पाणी लागत नाहीं. माळढोक टोळ व नाकतोडे खातो, म्हणून तो शेतीचा मित्रच होय. त्याची मादी बहुधा एकच अंडें, तेंही उघड्या जमिनीवर घालते. त्यामुळें माळ नांगरला गेला, किंवा त्यावर दाट झाडी लावली, तरी त्याचें घर मोडतें. आतां हा पक्षी तेथें क्वचितच दृष्टीस पडतो.

माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज चुकीचा आहे. गुरांस चारा देणारें व पावसांत माती धरून ठेवणारें तें गवतच असतें. गांवचा माळ नांगराखालीं आणण्यापूर्वीं प्रत्येकानें नान्नजचा माळ एकवार पाहून यावा.