गतिमान पृष्ठचिन्हांकन
जालपृष्ठाची रचना दर्शविणारा खुणांचा मजकूर आधी लिहून न ठेवता, पृष्ठाची मागणी आल्यावर आज्ञावलीकडूनच तो तयार करवून घेण्याची पद्धती. शीर्षक, परिच्छेद, अर्जातील रकाने इ. भागांची ब्राउझरला ओळख पटविणाऱ्या या खुणा प्रायः एचटीएमएल भाषेत असतात.

जावा भाषेत या कार्याचा पाया सर्व्हलेट या तंत्राने १९९७ मध्ये घातला. त्यात खुणा जावाच्या विधानांतून ओळीओळीने छापाव्या लागत. १९९९ मधील जावा सर्व्हर पेजेसमध्ये उलटपक्षी खुणांतच जावाची विधाने पेरता येऊ लागली. दोहोंतही आज्ञा व मांडणी यांची सरमिसळ होई. जॉनथन लॉक यांनी २००४ मध्ये सुरू केलेली विकेट ही कार्यचौकट (फ्रेमवर्क) त्यांची कडक फारकत करते. अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ती २००७ मध्ये स्वतंत्र प्रकल्प झाली.

विकेटमध्ये प्रत्येक पृष्ठाचा एक जावा वर्ग (क्लास) व सामान्यतः त्याच नावाची एक एचटीएमएल फाइल असते. फाइलीतील खुणेला दिलेल्या नावाचाच घटक वर्गात निर्माण करावा लागतो. घटकांची उतरंडही दोन्हीकडे जुळावी लागते. खूण असून घटक नसेल, तर पृष्ठ उमटतच नाही. घटक असून खूण नसेल, तर ती चूक विकसनाच्या अवस्थेत पकडली जाते. प्रत्यक्ष वापरात ही तपासणी सहसा बंद असल्याने ती निमूटपणे दडून राहते.

बहुतेक पृष्ठांना ही जोडी पुरते. यादीतील ओळींची संख्या अनिश्चित असली, तरी एकाच खुणेची पुनरावृत्ती करणारे घटक ते काम करतात. त्यासाठी चिन्हांकन नव्याने रचणे हा अकारण खटाटोप होय. परंतु सर्वेक्षणाच्या अर्जातील प्रश्न, त्यांचे प्रकार आणि मांडणी हे सर्वच माहितीसाठ्यात (डेटाबेस) असेल, तर फाइल आधी लिहिता येत नाही. अशा वेळी पृष्ठाचा वर्ग ‘आयमार्कअपरिसोर्सस्ट्रीमप्रोव्हायडर’ हा इंटरफेस स्वीकारतो. नाव लांबलचक असले, तरी करार साधा आहे : विकेट फाइल शोधण्याऐवजी वर्गाकडेच मजकूर मागते. त्याच नोंदींवरून घटकही निर्माण करावे लागतात.

खरा धोका साठवणीत आहे. एकदा वाचलेले चिन्हांकन विकेट स्मृतीत राखते. त्याची किल्ली वर्गाचे नाव, भाषा, शैली इत्यादींवरून ठरते, वापरणाऱ्या व्यक्तीवरून नव्हे. परिणामी एकासाठी रचलेला अर्ज दुसऱ्यापुढे येऊ शकतो. घटक न जुळल्यास पृष्ठ मोडते आणि मजकुरात खाजगी माहिती गुंफलेली असल्यास ती उघड होते. एकट्याने चाचणी घेणाऱ्याच्या हा दोष सहसा ध्यानात येत नाही. ‘आयमार्कअपकॅशकीप्रोव्हायडर’ या इंटरफेसद्वारे किल्लीच्या जागी ‘नल’ हे शून्यमूल्य दिल्यास साठवण टळते. मात्र चिन्हांकनाचे विश्लेषण पुनःपुन्हा करावे लागते. प्रत्येक अर्जप्रकारास वेगळी किल्ली देणे अधिक काटकसरीचे.

शिवाय मजकूर दाखविणारा ‘लेबल’ हा घटक त्यातील कोनी कंसांसारखी चिन्हे आपोआप निरुपद्रवी करतो. हाताने जुळविलेल्या चिन्हांकनाला हे संरक्षण नसते. वापरणाऱ्यांनी लिहिलेले शब्द त्यात थेट मिसळल्यास परकी आज्ञावली इतरांच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. म्हणून चिन्हांकनात केवळ रचना ठेवून शब्द घटकांतूनच भरणे इष्ट ठरते.