पदरमोडीचं आरमार

मनीषनगरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर कापले तरी गाडी ठाणे जिल्ह्यात पोचते; खारा वारा त्याच्याही पुढे. म्हणूनच की काय, आरमाराच्या गोष्टींची आम्हा नागपूरकरांना भारी ओढ. २०२३ च्या डिसेंबरात आयएनएस त्रिंकटची सूत्रं प्रेरणा देवस्थळींकडे आली. भारतीय युद्धनौकेची पहिली महिला कमांडर, तीही मराठी! ते वाचताना मला ग्रीसची बुबुलिना आठवली. तिला युद्धनौका कुणी दिली नव्हती. तिनं ती स्वतःच्या पैशानं बांधली.

लास्करिना बुबुलिना जन्मली १७७१ मध्ये, इस्तंबूलच्या तुरुंगात. बाप तुर्की सत्तेविरुद्धच्या बंडात पकडलेला. आई त्याला भेटायला गेली आणि तिथेच कळा सुरू झाल्या. पुढे स्पेत्सेस बेटावर दोन लग्नं झाली. दोन्ही नवरे दर्यावर्दी, दोघेही चाच्यांच्या हातून गेले. चाळिशीला दुसरं वैधव्य, पदरात सात मुलं आणि मागे भरपूर जहाजं, रोकड. अशा विधवेच्या इस्टेटीवर आपल्याकडे भाऊबंदांचा डोळा असायचा. तिच्या इस्टेटीवर खुद्द सुलतानाच्या सरकारचा होता. बाईनं थेट इस्तंबूल गाठलं, रशियाच्या वकिलाला मध्ये घातलं आणि इस्टेट सोडवली.

मग १८२० मध्ये ‘अगामेम्नॉन’ पाण्यात उतरलं: सुमारे ३३ मीटर लांब, १८ तोफा. (तीनच वर्षांपूर्वी इथे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले इंग्रजांपुढे हरले होते.) तोफा तेव्हा व्यापारी जहाजांवरही असत. कशाला? तर चाच्यांसाठी. खरी गंमत इथेच आहे. ग्रीकांना राज्य नव्हतं, नौदल कुठून असणार? पण धान्याच्या व्यापारात गबर झालेल्या बेटांवरची मालवाहू जहाजं आधीपासूनच तोफा बाळगून होती. १८२१ मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव झाला आणि त्या जहाजांचंच आरमार झालं.

बुबुलिनानं तुर्कांच्या ताब्यातल्या नाफ्प्लियो बंदराची समुद्राकडून नाकेबंदी केली. खलाशांचे पगार, दारूगोळा, सगळी पदरमोड. एक मुलगा आर्गोसजवळ लढताना पडला. त्रिपोलित्सा शहर ग्रीकांच्या हाती पडलं तेव्हा कत्तल सुरू असताना तिनं तुर्की पाशाच्या जनान्यातल्या बायका वाचवल्या.

पुढे ग्रीकांच्याच यादवीत नव्या सरकारनं तिला बेटावर परत धाडलं. तोवर तिजोरी रिकामी झालेली. १८२५ मध्ये तिला गोळी लागली, पण ती शत्रूची नव्हे. दुसऱ्या एका मुलानं बड्या घरची पोरगी पळवून आणली होती. पोरीचे नातेवाईक दाराशी जमले, आणि त्यांच्याशी भांडायला बुबुलिना खिडकीत आली.