सोंगाचे जुने संगणक-खेळ : नवख्याने सुरुवात कशी करावी?



आपल्या शाळेत एक जुना संगणक आहे. त्याच्यावर नवे रंगीत खेळ चालत नाहीत, पण चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ छान चालतात. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, "ह्याच्यात तर काहीच दिसंना!" आणि उठून जातो. त्याने उठून जाऊ नये म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

सोंगाचा खेळ म्हणजे काय?

आपल्या गावात कधी कधी बहुरूपी येतो. तो पोलीस नसतो, पण पोलिसाचं सोंग घेतलं की पोलिसासारखाच दरडावतो. एकनाथ महाराजांच्या भारुडातही माणूस कधी वासुदेव होतो, कधी जोशी होतो. ह्या खेळांत तसेच असते. आपण एक सोंग घ्यायचे. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी जादूगार. मग भुयारात उतरायचे आणि त्या सोंगाला शोभेल तसे वागायचे. वैद्याचे सोंग घेतले तर योद्ध्यासारखे सगळ्यांवर धावून जाऊन चालत नाही.

हे खेळ कोठून आले?

सन १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याला संगणक लागत नव्हता. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच लागायचे. एक जण गोष्ट सांगायचा. बाकीचे म्हणायचे, "मी दार उघडतो." दार उघडले की नाही, ते फासा सांगायचा.

पुढे हाच खेळ लोकांनी संगणकात बसवला. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ केला. त्यात चित्र एकही नव्हते, सगळी अक्षरे आणि खुणा. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' आला. त्याच्या भुयाराला १० मजले, आणि एकेक मजला २० गुणिले २० चौकोनांचा. म्हणजे एका मजल्यावर ४०० आणि सगळे मिळून ४००० चौकोन! त्यात नकाशा आयता दिसत नव्हता. लोक चौकटीच्या कागदावर स्वतः काढायचे. आपण गणिताला वापरतो तसलाच कागद.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. १९८२ मध्ये जे फेनलासन नावाच्या मुलाने 'हॅक' हा खेळ तयार केला. तो तेव्हा शाळेत शिकत होता आणि त्याच्या शाळेतल्याच मित्रांनी त्याला मदत केली. म्हणजे असा खेळ शाळेतली पोरंसुद्धा करू शकतात! त्याच खेळात भर घालत १९८७ मध्ये 'नेटहॅक' आला. वेगवेगळ्या गावांत बसलेले लोक संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांना निरोप धाडून तो बनवायचे, म्हणून नावात 'नेट' आले. हा खेळ फुकट आहे. एकदा संगणकात घातला की इंटरनेट लागत नाही. आपण शाळेत हाच खेळतो.

पडद्यावर काय दिसते?

@ म्हणजे आपण स्वतः.
> म्हणजे खाली जाणारा जिना, < म्हणजे वर जाणारा.
# म्हणजे बोळ.
$ म्हणजे पैसे.
% म्हणजे खायची वस्तू.
! म्हणजे औषधाची बाटली, ? म्हणजे गुंडाळलेला जादूचा कागद.
इंग्रजी अक्षरे म्हणजे प्राणी आणि राक्षस. डी म्हणजे कुत्रा, एफ म्हणजे मांजर. आणि मोठा डी असला तर तो आग ओकणारा ड्रॅगन!

पहिल्यांदा हे पाठ करावे लागते. पण नकाशातही आपण विहिरीची खूण, देवळाची खूण शिकतोच की. चार दिवसांनी खुणा दिसत नाहीत, सरळ मांजरच दिसते.

नवख्याने काय करावे?

१) सोंग निवडताना 'व्हॅल्कीरी' घ्यावे. ही शूर बाई आहे. नवीन माणसाच्या हातात ती जास्त वेळ टिकते.

२) घाई करू नये. आपण बटण दाबेपर्यंत राक्षसही जागचा हलत नाही. म्हणून हात गालावर ठेवून खुशाल विचार करावा. मोबाईलच्या खेळात असे होत नाही.

३) पडद्याची वरची ओळ दर वेळी वाचावी. काय घडले ते तिथेच लिहून येते. खालच्या ओळीत आपला प्राण किती उरला तो आकडा असतो. तो निम्मा झाला की लढाई सोडून मागे फिरावे.

४) सोबत कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू असते. जिना उतरताना ते आपल्याला चिकटून उभे असेल तरच खाली येते, नाहीतर वरच राहते. ते जर एखाद्या वस्तूवरून नाखुशीने गेले, तर ती वस्तू शापित समजावी आणि उचलू नये.

५) रस्ता संपला तर रडू नये. कंधारचा किल्ला आपण सहलीत बघितला. किल्ल्याला चोरवाट असते असे गुरुजींनी सांगितले होते. इथेही असते. एस हे बटण दहा-बारा वेळा दाबून शोध घ्यावा. कधी कधी भिंतीत दार निघते.

६) भूक लागली अशी ओळ आली तर खावे. पण मारलेल्या प्राण्याचे शिळे मांस खाऊ नये, त्याने विषबाधा होते.

७) प्राण ६ पेक्षा कमी उरला तर प्रार्थना करता येते. पण सारखी सारखी केली तर देव रागावतो.

८) मोठा एस दाबला की खेळ जपून ठेवला जातो आणि बंद होतो. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून तास संपायच्या आधीच दाबावा.

मेलो तर?

ह्या खेळात एकच जीव असतो. मेलो की सगळे पहिल्यापासून, आणि भुयारही नवेच. मागचा रस्ता पाठ करून उपयोग नाही. नवीन मुलं इथंच रुसतात. पण आमच्या गटाने एक वही केली आहे. जो मेला त्याने कशाने मेला ते वहीत लिहायचे. एकाने निळ्या 'ई'ला तलवार मारली. तो असतो तरंगणारा डोळा. त्याला मारले की मारणारा जागच्या जागी थिजतो आणि मग कोणीही येऊन त्याला खातो. आता निळा 'ई' दिसला की आम्ही सगळे ओरडतो, "हात लावू नको रे!" मेलेल्याचा रस्ता उपयोगी पडत नाही, पण त्याने लिहिलेली ओळ उपयोगी पडते.

आमच्या गटातला एक मित्र दिवाळीनंतर आई-वडिलांसंगं ऊसतोडीला जातो. परत येतो तेव्हा आम्ही पुढं गेलेलो असतो. पुस्तकातले धडेही पुढे गेलेले असतात, तेव्हा तो गप्प बसतो. पण खेळाची वही त्याने एका दिवसात वाचून काढली आणि बटणावर बसला. त्याचा नंबर आम्ही कोणाला देत नाही. आता वर्गात गणिताचीसुद्धा तशीच वही करायचे ठरले आहे. कोणते गणित कुठे चुकते आणि का, ते त्यात लिहायचे.

आई-बाबांना दोन शब्द

आमचे आजोबा म्हणाले, "काय करायलास रे? येळ वाया घालायलास!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कोणत्याही खेळाचा नाद लागू शकतो. म्हणून आमचा नियम आहे : फक्त शनिवारी, शाळा सुटल्यावर, एका गटाला अर्धा तास. गटात चौघे असतात. एक बटण दाबतो, दुसरा वरची ओळ मोठ्याने वाचतो, तिसरा शब्दकोशात शब्द बघतो, चौथा वहीत लिहितो. दर आठवड्याला कामे बदलतात. 'हंग्री' म्हणजे भुकेला आणि 'लॉक्ड' म्हणजे कुलूप लावलेले, हे शब्द आम्हाला कोणी पाठ करायला लावले नाहीत. दार उघडंना, तेव्हा शब्दकोश उघडला.

मग आजोबा एकदा स्वतः येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "त्या कुत्र्याला सोडून खाली जाऊ नका." हे त्यांना बरोबर समजले होते.

तर मित्रांनो, हा खेळ शिकायला पैसे लागत नाहीत आणि भारी संगणकही लागत नाही. लागतो तो धीर, वाचायची तयारी आणि एक वही. ज्याला शिकायचे असेल त्याने शनिवारी यावे. पहिल्या दिवशी शब्दकोशाचे काम मिळेल, बटण पुढच्या शनिवारी.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी,
जि. प. प्राथमिक शाळा, ता. कंधार, जि. नांदेड